रडण्याची साक्ष

परदेशी जाऊन सेवा करावी, हे त्या दोघांचे लग्नाआधीचे व्रत होते. किंबहुना व्रत जुळले म्हणून पत्रिका कोणी पाहिलीच नाही, असे तिचे वडील हसून सांगत. तो पाळक, ती शिक्षिका. मिशनने त्यांना समुद्रापलीकडच्या एका गावी धाडले, दोन खोल्यांचे घर दिले आणि कामे वाटून दिली. रविवारची उपासना आणि, ती शिक्षिका असूनही, लहानशी शाळा त्याच्याकडे. घरोघर जाऊन बायकांना भेटणे तिच्याकडे. या भेटींची एक वही असे. तारीख, घर, आणि शेवटच्या रकान्यात दार उघडले की नाही. पहिल्या दोन वर्षांत 'उंबऱ्यावरून परत' हे शब्द त्या रकान्यात इतक्यांदा पडले की पुढे ती नुसते 'उं. प.' लिहू लागली.

यात दोष कोणाचाच नव्हता. तिथली भाषा ती पुस्तकातून शिकली होती, आणि पुस्तकातून शिकलेल्या बोलण्याचे होते तेच तिच्या बोलण्याचे झाले. वाक्य बिनचूक, पण त्याला ऊब नाही. बायका आदराने ऐकत आणि आदरानेच दार लावून घेत. तिला सारे 'ताई' म्हणत. ते नावही तिने स्वतःच सांगून सवयीचे केलेले.

तिसऱ्या वर्षी तिला मुलगा झाला. मायदेशीच्या वडीलधाऱ्यांनी पत्रातून सुचवले की वर्षभर घरी राहावे. लेकरू आणि सेवा म्हणजे दोन डगरींवर पाय. ताईने पत्र वाचले, घडी घातली आणि तिसऱ्या महिन्यात बाळाला कापडाने छातीशी बांधून ती बाहेर पडली.

पहिलेच घर बेकरीवालीचे. दोन वर्षांत "आज वेळ नाही" याखेरीज जिने चौथा शब्द उच्चारला नव्हता, ती बाई पिठाचे हात घेऊन काउंटरमागून धावत आली.

"अगं, मान! मान धर त्याची! कुणी दिलं तुझ्या हातात पोर?"

"माझंच आहे."

"ते दिसतंय. म्हणून काय लोंबकळत ठेवायचं? चल आत. भट्टीपाशी नको, त्या कोपऱ्यात बस."

त्या दिवशी वहीत प्रथमच नोंद झाली : आत, पाऊण तास.

मग दारे उघडतच गेली. कोणी बाळाला टोपी दिली, कोणी सल्ला दिला, आणि सल्ला देता देता आपले दुःखही सांगितले. नवरा कौतुकाने म्हणे, "अगं, मी चार वर्षं धर्मशास्त्र घोकलं, आणि हा पठ्ठ्या नुसता ढेकर देऊन दारं उघडतो."

"अहो, मग तुम्हीही देऊन बघा. रविवारी, प्रवचनाआधी."

बाहेरून हे जितके सोपे दिसे तितके ते नव्हते. कोणी आईच्या आजारपणाचे सांगत असावे आणि नेमके तेव्हाच लंगोट ओला व्हावा. कोणी डोळे पुसत असावे, आणि ताईचे अर्धे मन बाळाच्या दुधाच्या वेळेकडे. ऐकणे हीच जिची सेवा, तिला धड ऐकताही येईना आणि घरी परतल्यावर बाळाला धड पाहताही येईना, इतका शीण येई. यातूनच एक सूक्ष्म गोष्ट घडली, जिची चाहूल तिला लागली नाही. बाळ झोपलेले असले की बायका म्हणत, "निजलाय होय? मग उद्या ये." तेव्हा त्याने जागे व्हावे असे तिला वाटू लागले. आईला आपले मूल झोपलेले नको वाटावे, ही विपरीत गोष्ट. पण विपरीत गोष्टी माणसाच्या घरात पाहुण्यासारख्या येतात, आणि आपणच त्यांना बसायला देतो.

गल्लीच्या टोकाला शिवणवाली राहत असे. शाळेचे गणवेश शिवून पोट भरणारी, ताईहून दहा-बारा वर्षांनी मोठी, एकटी.

"तिच्याकडे जाऊ नकोस," बेकरीवालीने बजावले होते. "दार वाजवून बोटं झिजतील. तिची मुलगी गेली तेव्हापासून ती कुणाला उघडत नाही. कापडसुद्धा खिडकीतून घेते."

ताई दर बुधवारी तरीही जाई. नऊ बुधवार दार उघडले नाही.

दहाव्या बुधवारी, सकाळी अकराच्या सुमारास, ती त्या पायरीवर उभी राहिली. उन्हाने डोके तापले होते. बाळ छातीवर गाढ झोपले होते. तिने दार वाजवले. आतले शिवणयंत्र थांबले. पावले आली आणि दारामागे थबकली. मध्ये फक्त एका फळीचे अंतर. पलीकडचा श्वास ऐकू येत होता. ताईने मनात प्रार्थना केली, मग शब्द संपले. आणि कापडाखालून तिचा हात बाळाच्या मांडीपर्यंत गेला, आणि तिने चिमटा काढला. हलकेच नव्हे. नख रुतेल असा.

भुकेचे रडणे तिला ठाऊक होते, झोपेचे होते, पोटदुखीचे होते. हे रडणे तिने कधी ऐकले नव्हते. त्यात तक्रार नव्हती, आश्चर्य होते.

दार उघडले. शिवणवालीने ताईकडे पाहिलेही नाही. तिने कापडाची गाठ सोडून बाळाला उचलले, खांद्यावर टाकले आणि त्या अरुंद खोलीत, गणवेशांच्या ढिगांमधून, ती येरझारा घालू लागली. बाळ निवले. मग ती खाली बसली आणि कितीतरी वेळ रडली. ताईने वहीत लिहिले : आत, दोन तास.

लंगोट बदलताना मांडीवर अर्धचंद्रासारखी खूण दिसली. दुसऱ्या दिवशी ती निळी झाली, चौथ्या दिवशी पुसली गेली. ताई मात्र ती पाचव्या, सहाव्या, दहाव्या दिवशीही शोधत राहिली. बाळ पाळण्यात हसत असताना तिला शेजारच्या खोलीतून तेच आश्चर्याचे रडणे ऐकू येई. ती धावत जाई; खोलीत वाळत घातलेले कपडे असत, दुसरे काही नसे.

"काय झालं?" नवरा विचारी.

"रडला ना?"

"अगं, हा काय माझ्या मांडीवर. माझी मिशी ओढतोय."

तिने नखे मुळापर्यंत कापली. बाळाला कुशीत घेताना तिचा हात आता मांडीपाशी आला की क्षणभर थांबे, जणू तो दुसऱ्या कोणाचा हात होता आणि त्याला परवानगी विचारायची होती.

इकडे शिवणवाली बदलली. चौथ्या रविवारी ती उपासनेला येऊन शेवटच्या बाकावर बसली. सातव्या रविवारनंतर तिने पाळकाला सांगितले, "पुढच्या वेळी मला सगळ्यांपुढे साक्ष द्यायचीय." आपल्याला देव कसा भेटला हे मंडळीपुढे उभे राहून सांगणे, याला तिथे साक्ष म्हणत. पाळकाला आनंद मावेना. त्याने मायदेशी पत्र लिहिले : नऊ वेळा बंद राहिलेले दार बालकाच्या हाकेने उघडले.

बुधवारी ताई तिच्याकडे गेली तेव्हा शिवणवाली एका गणवेशाला बटणे लावत होती.

"काय सांगणार आहात रविवारी?" ताईने विचारले.

"खरं तेच." तिने दोरा दातांनी तोडला. "माझी आठ महिन्यांची होती. दुपारी शेजारी निजवली आणि मी मशीनवर बसले. मशीनचा आवाज काही एवढा मोठा नसतो. रडली असती तर ऐकू आलं असतं. मी उठले असते. पण ती रडलीच नाही गं. सगळं आटपलं तरी रडली नाही. सहा वर्षं मी एकच मागितलं. एकदा रडू दे. एकदाच. मी उठून दार उघडेन." ती थांबली. "त्या दिवशी मी दारामागे उभी होते. उघडणार नव्हते. परत फिरलेसुद्धा. आणि रडणं आलं. उगीच नाही आलं. निजलेलं पोर असं मध्येच रडत नाही. ती होती ती."

ताईच्या मांडीवर बाळ स्वतःचा अंगठा चोखत होते. गप्प राहणे किती सोपे होते! गप्प राहिले तर एक जीव सावरला जात होता; बोलले तर तो पुन्हा त्याच दुपारी जाऊन पडणार होता. पण रविवारी ही बाई उभी राहील, आणि मंडळी मान डोलावेल, आणि ताई पहिल्या बाकावर बसलेली असेल.

"मी चिमटा काढला होता," ती म्हणाली.

"काय?"

"तो झोपला होता. तुम्ही दार उघडावं म्हणून मी त्याला चिमटा काढला. म्हणून रडला."

शिवणवालीने सुई गणवेशात टोचून ठेवली. मग तिने विचारले, "किती जोरात?"

"खूण चार दिवस होती."

"म्हणजे ती नव्हतीच."

शिवणवाली उठली, तिने दार उघडून धरले. आणि ताई बाहेर पडल्यावर ते लागले. आपटले नाही. नेहमीसारखे लागले.

घरी नवरा ऐकून खुर्चीवर बसून राहिला. तो भला माणूस होता. त्याला राग आला आणि रागाची लाजही वाटली.

"सांगितलं नसतंस तर काय बिघडलं असतं?"

"ती सगळ्यांपुढे उभी राहून माझ्या नखाला देव म्हणाली असती."

"आणि आता? आता तिच्यापाशी काय उरलं?"

"ते मला ठाऊक नाही."

"पत्र परवाच गेलं गं."

"मग दुसरं पाठवा."

त्याने दुसरे पाठवले. त्यात एवढेच होते : ती भगिनी सध्या येत नाही.

पुढल्या बुधवारी ताईने बाळाला नवऱ्यापाशी ठेवले आणि ती एकटीच गेली. दार वाजवले. यंत्र थांबले, पावले आली.

"बाळ कुठंय?" आतून आवाज आला.

"घरी."

"मग कशाला आलीस?"

"बसायला."

दार उघडले नाही. ताई पायरीवर तासभर बसली. पुढे ती इतर घरीही बाळाविना जाऊ लागली. बेकरीवाली म्हणाली, "नुसतीच आलीस? मग मळायला लाग," आणि तिने कणकेचा गोळा पुढे सरकवला. काही घरांची दारे पुन्हा लागली, आणि वहीत 'उं. प.' परतले. शिवणवालीच्या पायरीवर मात्र ती दर बुधवारी बसे, आणि ती बसलेली असेतोवर आत यंत्र चालत नसे. त्या शांततेत क्षमा होती की शिक्षा, की केवळ कान देणे, हे ताईने आयुष्यभर स्वतःला विचारले.

दीड वर्षाने बदलीचा हुकूम आला. शेवटच्या बुधवारी ती दाराशी म्हणाली, "उद्या आम्ही जातोय."

आतून आवाज आला, अगदी फळीला लागून. "चालतो का आता?"

"पळतो."

"पडतो?"

"सारखा."

"पडला की रडतो?"

"रडतो. मोठ्यानं."

"बरं," शिवणवाली म्हणाली, आणि पावले आत गेली.

दुसऱ्या दिवशी गाडीत खिडकीच्या जागेवरून मुलाने हट्ट धरला आणि तो भोकाड पसरून रडू लागला. शेजारचे प्रवासी वळून पाहू लागले.

"अगं, गप्प कर त्याला," नवरा पुटपुटला.

तिने केले नाही. मान किंचित कलती करून ती ऐकत राहिली. दोन्ही हात तिने स्वतःच्या मांडीवर, सर्वांना दिसतील असे, ठेवले होते.