मानेचा रकाना

अकरा फेब्रुवारी, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. अमेरिकेतल्या शॉमबर्गजवळच्या एका बर्फाच्या रिंकमधल्या थंडगार बाकावर फुलबॅक काकांनी माझ्या मांडीवरचा लॅपटॉप मिटला. म्हणाले, "सायंटिस्ट, पक काय बघून राहिली? पक बघायला तिकीट काढून लोक येतात. तू मान बघ."

काका तरुणपणी नागपुरात गवतावरची हॉकी खेळले, फुलबॅक म्हणून. नोकरीसाठी अमेरिकेत आले आणि पुढे बर्फावरच्या हॉकीच्या एका व्यावसायिक संघासाठी मुले पारखू लागले. ड्राफ्टमध्ये संघाने कोणत्या नवख्या खेळाडूंना निवडावे, हे सांगणे आमचे काम. संख्याशास्त्राची पदवी घेऊन मी त्यांच्या हाताखाली रुजू झाले होते. फार काळ हाताखाली राहण्याचा माझा विचार नव्हता.

त्यांचा सिद्धान्त एकच होता. पक, म्हणजे या खेळातली चेंडूऐवजीची रबरी चकती, आपल्या गोलामागे गेला की बचावपटू तो आणायला धावतो आणि प्रतिस्पर्धी त्याच्या पाठीवर चालून येतो. पकाला काठी लावण्यापूर्वी जो मागे वळून बघतो, तो टिकतो. "बाकी सगळं शिकवता येतं. मान शिकवता येत नाही." माझ्या वहीत 'मान' नावाचा रकाना पडला तो असा.

एकदा एक आई कॉफी घेऊन आली आणि आपला मुलगा कसा वाटला, म्हणून विचारू लागली. काकांनी कॉफी घेतली, एक घोट घेतला आणि सांगितले, "गुड बॉय. सेंड हिम टू कॉलेज." ती रिकाम्या हातांनी उभीच राहिली. हे जरा सौम्यपणे सांगता आले नसते का, असे मी गाडीत विचारले. "सौम्य सांगितलं की आई आणखी तीन वर्षं पहाटे उठते," ते म्हणाले.

गाडी तेच चालवत. लेन बदलायची असली की विचारत, "डावीकडे काय आहे, सांग." ती मला माझी परीक्षा वाटे. मी गाड्यांचे रंगसुद्धा सांगत असे.

त्या फेब्रुवारीच्या सकाळी आम्ही चार नंबरच्या उंच बचावपटूला बघायला गेलो होतो. तो वीस वेळा पक आणायला गेला. काकांच्या मोजणीत मान आठ वेळा वळली. त्यांनी त्याच्या नावावर काट मारली. "संपला."

मी घरी व्हिडिओवर पुन्हा मोजले. सतरा. मधल्या सत्रातले आमचे आकडे तंतोतंत जुळत होते. पहिल्या आणि तिसऱ्या सत्रांतले जुळत नव्हते. त्या दोन सत्रांत त्या मुलाचा गोल आमच्या डाव्या हाताला होता. काकांनी मोजलेले मोसमातले आणखी पाच सामने तपासले. चूक प्रत्येक वेळी डावीकडेच होती. तेव्हा मला गाडीतली परीक्षा आठवली. काकांची स्वतःची मान डावीकडे वळत नव्हती.

हे त्यांना सांगायला मला अडीच महिने आणि गाडीतले असंख्य तास मिळाले. मी सांगितले नाही. एप्रिलच्या बैठकीत, अकरा माणसांसमोर, तक्ता थेट पडद्यावर लावला. काका हसले. म्हणाले, व्हिडिओत कोणतीही मान वळल्यासारखी दिसते. मी मराठीत म्हटले, "काका, त्या डावीकडच्या खिडकीबाहेर जरा बघता?"

त्यांनी बघितले. त्यासाठी खुर्ची पूर्ण फिरवावी लागली. तिचे चाक करकरले.

चार नंबर यादीत वर सरकला. जूनमध्ये आमच्या संघाने त्याला निवडलेही. काकांचा करार मात्र बैठकीनंतर आठवड्याभरातच संपवण्यात आला आणि त्यांची जागा मला मिळाली. आज माझ्या हाताखालची मुले मानाच मोजतात. पद्धत कोणाची, हे त्यांना ठाऊक नाही.

शेवटच्या दिवशी काका खोके घेऊन माझ्या टेबलापाशी थांबले. "तक्ता बरोबर आहे तुझा. गाडीत सांगितलं असतंस, तर मी स्वतःच बैठकीत सांगून मोकळा झालो असतो ना."

"माहीत होतं," मी म्हटले. तसे झाले असते तर शोध त्यांचा ठरला असता.

"मग बरोबर शिकलीस," ते म्हणाले आणि निघाले.

माझ्या खिडकीतून पार्किंग दिसते. दारापासून त्यांच्या गाडीपर्यंत बेचाळीस पावले झाली. वही उघडीच होती. सवयीने मी रकाना भरला.

मान: शून्य.