तपकिरी अंडी आणि सासूबाईंची बॅटरी

समजा, तुम्ही एका बिनखिडकीच्या खोलीत उभे आहात. दार लावलेलं आहे, दिवा बंद आहे. डाव्या हातात कोमट अंडं आहे, उजव्या हातात बॅटरी. उजेड इकडेतिकडे न सांडता सगळा अंड्यात जावा म्हणून बॅटरीच्या तोंडाला सायकलच्या ट्यूबची रबरी कडी बसवली आहे. अंड्याचं रुंद टोक त्या कडीवर टेकवा आणि हलकेच फिरवा. आत लाल रेषांचं जाळं आणि मध्ये काळा ठिपका दिसला, तर पिल्लू धरलंय. नुसताच पिवळा उजेड दिसला, तर अंडं रिकामं. आत धुरकट कडं दिसलं, तर पिल्लू धरून मेलंय. आता ठरवा, आणि लवकर ठरवा. अंडं गार होतंय आणि पुढचा ट्रे वाट बघतोय.

काकू हे काम लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी शिकल्या आणि तेव्हापासून करत आल्या. उबवणी केंद्रात त्यांना नावाने कुणी हाक मारत नाही. मालकही काकू म्हणतात आणि अंडी घेऊन येणारा टेम्पोवालाही काकूच म्हणतो. त्यांच्याआधी ती खोली त्यांच्या सासूबाईंची होती, आणि पितळेची ती जड बॅटरीही. सासूबाईंनी सुनेला शिकवलेली पहिली गोष्ट अंड्याची नव्हती, सेलची होती. “सेल घालताना नाक खाली, बूड वर. नाक वर ठेवलंस आणि बॅटरी हातातून पडली, तर ते नाक बल्बला ठोसा मारतं.” तेव्हापासून सेलचं टोक बुडाच्या स्प्रिंगकडे आणि सपाट बाजू बल्बकडे. बॅटरी लागत होती, त्यामुळे कुणाला काही विचारावंसं वाटलं नाही.

या हंगामात मालकांनी तपकिरी कवचाची अंडी घ्यायला सुरुवात केली आणि काकूंचे ग्रह फिरले. उबवणीच्या मशीनमध्ये अंडी फुटू लागली. त्यांनी ‘पिल्लू धरलंय’ म्हणून परत ठेवलेल्यांतली काही मेलेली निघाली, आत कुजली आणि फटाक्यासारखी उडाली. वास असा की टेम्पोवाला फाटकातूनच हॉर्न वाजवायचा, आत यायचा नाही.

“काकू,” मालक म्हणाले, “राग मानू नका. डोळे थकलेत तुमचे. पुढच्या खेपेपासून तुम्ही ट्रे धुण्याकडे बघा.”

“डोळे नाही थकले. बॅटरी थकलीये.”

“सेल तर कालच नवे घातलेत!”

“मग बल्ब थकलाय. पांढऱ्या कवचातून चालत होता, या गडद कवचातून त्याचा उजेड पोचत नाही.”

ट्रे मोजत बसलेल्या वन्संना, म्हणजे काकूंच्या थोरल्या नणंदेला, एवढं निमित्त पुरेसं होतं. “नाचता येईना अंगण वाकडं,” त्या ट्रेकडे बघतच म्हणाल्या.

“आणि अंगण खरंच वाकडं असलं तर, वन्सं?”

मालक हसले. पण त्यांनी पुढच्या खेपेपर्यंतचा वेळ दिला. ट्रे धुण्यात कमीपणा नव्हता. पण ती अंधारी खोली सोडायची, तीही दुसऱ्याने आपले डोळे गेले असं ठरवल्यामुळे, हे काकूंच्या गळ्याखाली उतरेना.

त्या दुकानात गेल्या. दुकानदाराने जुना बल्ब उजेडात धरला. काच आतून काळवंडली होती आणि तार लोंबत होती. “असले आता येत नाहीत काकू. त्याच मापाचा एलईडी आहे. दोन चहांच्या पैशांत. नाहीतर नवी बॅटरीच घ्या की.”

“नवीचं तोंड परातीएवढं. अंडं त्यावर टेकवू की त्यात बुडवू?”

“मोबाइलचा लाइट?”

“तो कोपऱ्यात असतो. अर्धा अंड्यात, अर्धा माझ्या डोळ्यांत. बल्बच द्या.”

केंद्रावर येऊन त्यांनी बल्ब बसवला आणि बटण दाबलं. काहीच नाही. परत दाबलं, बॅटरीवर थाप मारली, सेल काढून पदराला पुसून घातले. ठार अंधार. तेवढ्यात दाराशी वन्सं हजर. “काय गं, अंगण सरळ झालं का?”

काकू त्याच पावली बल्ब घेऊन दुकानात गेल्या. दुकानदाराने तो स्वतःच्या बॅटरीत घातला आणि त्याचा उजेड समोरच्या भिंतीवर ताटासारखा गोल पडला. “बल्ब खणखणीत आहे काकू. तुमची बॅटरीच गेली असेल.”

पण परत येऊन जुना, काळवंडलेला बल्ब घातला तर तो त्याच बॅटरीत, त्याच सेलवर मिणमिणत का होईना लागला. म्हणजे बॅटरी शाबूत, सेल शाबूत, नवा बल्बही शाबूत. तिघे धडधाकट, आणि एकत्र आले की अबोला! काकूंना घरातली असली भांडणं चांगली माहीत होती. दोष एकेकात नसतो, कोण कुणाकडे तोंड करून बसलंय यात असतो.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी डबा बाजूला सारला. दोन्ही सेल एकावर एक उभे धरले आणि चहाच्या पुड्यातला चांदीचा कागद गुंडाळून त्याची तार केली. तारेचं एक टोक खालच्या सेलच्या बुडाला लावलं, दुसरं बल्बच्या पितळी अंगाला, आणि बल्बचं टोक वरच्या सेलच्या नाकावर टेकवलं. लख्ख! मग सेल उलटे केले. अंधार. पुन्हा सुलटे. लख्ख.

जुन्या बल्बात नुसती तार असते. वीज इकडून येवो की तिकडून, ती तापते आणि उजळते. एलईडी मात्र एकमार्गी रस्ता आहे. उलट्या बाजूने गेलात तर तो दारच उघडत नाही. काकूंनी हे या शब्दांत मांडलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, “अस्सं. तुला नाक लागतं होय?”

मग त्यांना सासूबाई आठवल्या. इतक्या वर्षांची शिकवण मोडायची म्हणजे हात क्षणभर अडलाच. पण नाक खाली ठेवायचं कशासाठी? तर पडल्यावर बल्ब फुटू नये म्हणून. मग पडलीच नाही तर? त्यांनी ट्रे बांधायच्या सुतळीचा फास बॅटरीच्या बुडाशी असलेल्या कडीला बांधला, मनगटात अडकवला, सेल नाक वर करून घातले आणि बटण दाबलं. त्या खोलीचे कोपरे काकूंनी पहिल्यांदाच एवढे स्वच्छ पाहिले. झाडायला झाले होते.

नव्या खेपेचा आठवा दिवस, म्हणजे अंडी तपासायचा दिवस आला. मालक काचेचा वाडगा घेऊन खोलीत आले. “तुम्ही रिकामी म्हणाल ती मी फोडून बघणार.”

“बघाच.”

“मीही बघणार,” वन्सं मालकांच्या मागून आत शिरल्या आणि दार ओढून घेतलं.

काकूंनी ट्रे ओढला. अंडं उचलायचं, टेकवायचं, फिरवायचं. तपकिरी कवच आतून निखाऱ्यासारखं पेटत होतं आणि रेषा न् रेषा दिसत होती. “धरलंय. धरलंय. मेलेलं, टाका. धरलंय. हे रिकामं.” मालकांनी ते फोडलं. स्वच्छ बलक. पुढचं रिकामंही तसंच, त्याच्या पुढचंही. वाडगा भरत आला, पण त्यात लाल रेषेचा मागमूस नव्हता.

“मानलं काकू,” मालक म्हणाले. “खोली तुमचीच.”

“अंगण वाकडंच होतं म्हणायचं,” वन्सं पुटपुटल्या. त्यांच्याकडून याहून मोठं कौतुक आजवर कुणाला मिळालेलं नव्हतं.

काकूंनी मात्र वर पाहिलं नाही. त्यांच्या हातातलं अंडं गडद कवचाचं होतं आणि पहिल्या नजरेला रिकामं वाटत होतं. त्यांनी ते अजून थोडं फिरवलं. एका कडेला केसाएवढ्या बारीक दोन-तीन रेषा होत्या, त्यांच्या मुळाशी ठिपका होता, आणि तो ठिपका हलला. मागे पडलेलं, पण जिवंत.

“वन्सं, बघा.”

वन्संनी डोळा जवळ नेला. “अगं बाई! धडधडतंय की.”

काकूंनी जुना बल्ब आठवला, त्याचा तो चहासारखा उजेड आठवला. त्या उजेडात हे अंडं कुठे गेलं असतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं. रिकाम्यांच्या टोपलीत, आणि तिथून न फोडता मागच्या खड्ड्यात. त्यांनी ते निमुळतं टोक खाली करून जपून ट्रेमध्ये ठेवलं. सुतळीचा फास मनगटावर घट्ट केला. आणि पुढचं अंडं उचलण्याआधी विचारलं,

“मालक, या हंगामात मी रिकामी म्हणून काढलेली अंडी… त्यातलं एखादं तरी कुणी फोडून बघितलं होतं का?”