मागच्या बाईच्या डोक्यातलं हेल्मेट

"याचा आवाज काढ की," साहेब म्हणाले.

सभागृहातला पडदा मोठा. पडद्यावर एक मोटरसायकल थांबवून ठेवली होती. चालवनाऱ्याचं डोकं उघडं. हेल्मेट मागं बसलेल्या बाईच्या डोक्यात, तेही वाकडं. बाई त्याच्या पाठीशी दोरीनं बांधलेली. दोघायचे चेहरे पुसट केलेले, कोनाची बदनामी नोको म्हनून. सारं सभागृह हासून राह्यलं होतं.

मी माईक तोंडाजवळ घेतला. घसा खाकरला. बाबासारखा.

"आता कसं हाय साहेब. घरात डोकं तं तिलेच हाय. मले कुठी हाय. म्हनून तिलेच घातलं."

समोरच्या खुर्च्यायवरचे लोक अक्षरशः वाकले हासू हासू. सूत्रसंचालनवाल्या मॅडमनं डोळे पुसले. साहेबानं मांडीवर हात मारला.

"पुन्हा एकदा," म्हणाले. "क्लिप मागे घे रे."

हे मी सांगून राह्यलो ते तुमाले हासवाले नाई. हासवून झालं माहं. पन आधी मी कोन ते सांगाव लागन.

आमचं गाव गडचिरोलीच्या रोडपासून आत, तलावाच्या पाळीवर. आमी ढिवर. बाबा तलावात जाळं टाकते, माय टोपलीत मच्छी घेऊन बाजारात बसे. मी तालुक्याच्या शाळेत शिकलो, अन् शाळेत मले एकच गोष्ट चांगली आली. आवाज काढनं. हेडमास्तर, एसटीचा कंडक्टर, घाटीवर चढनारा लोडचा ट्रक, अंडं देऊन बोंबलनारी कोंबडी. मास्तर सुट्टीवर असले तरी मी वर्गात त्यायच्या आवाजात हजेरी घेतली हाय, अन् पोट्ट्यायनं उठून "हजर" म्हटलं हाय.

पन माहा सर्वात चालनारा आयटम म्हनजे 'गावातला बुवा'. प्रत्येक गोष्टीची सुरुवात "आता कसं हाय" अशी करनारा. मधात श्वास घेनारा. अर्धा शब्द गिळनारा. शहरात त्यानं काय हासत लोक.

तो बुवा म्हनजे माहा बाप. वर्षानुवर्षं थंड पान्यात उभं राहून त्याची छाती भरली हाय, म्हनून तो मधात थांबते. एकदा गनपतीत मी गावातच तो आयटम केला. बाबाही हासले. घरी आल्यावर मायले म्हने, "मी असा बोलतो काय वं?" माय म्हने, "पोट्टा हाय, जाऊ द्या." त्याच्यानंतर दोन दिवस बाबा कमीच बोलले. मले ते दिसलं. मी मनाले म्हटलं, मस्करी हाय.

मंग रोडवरच्या चौकात कॅमेरे लागले. खांबावर पांढरे डबे. गाडी गेली का फोटो, अन् मोबाईलवर चालान. आमच्या गावात कोनाची गाडी सुटली नाई. मच्छीची टोपली नंबरप्लेटवर आली, चालान. तिघं बसले, चालान. अन् दगडाचे मोठमोठे ट्रक रोज जात, त्यायच्या नंबरवर इतका धुरळा का कॅमेऱ्याले वाचताच येत नसे. मच्छीवाली नीराबाई म्हने, "आपल्या गाड्या धुतलेल्या हाय, हाच आपला गुन्हा हाय." लोक चिडून होते. वाहतुकीच्या कार्यालयात दोनदा अर्ज देऊन आले होते.

मी मात्र मजेत होतो. त्याच कार्यालयाच्या साहेबानं मले रस्ता सुरक्षेच्या कार्यक्रमात बोलावलं होतं. कॅमेऱ्याले डोळा होता, आवाज नव्हता, तं लोकायले गंमत कशी वाटन. म्हनून त्यायले मी पाह्यजे होतो. पहिल्या वर्षी मले बक्षीस म्हनून हेल्मेट भेटलं. पांढरं, लाल पट्टीचं. त्याच्यावर 'जीवन अनमोल' असा स्टिकर. मी तो नखानं काढाले पाह्यला तं अर्धाच निंगाला. 'अनमोल' तेवढं राह्यलं. ते हेल्मेट मी घरी खुंटीले टांगलं अन् माह्या मित्राच्या गाडीवर तसाच फिरत राह्यलो.

दुसऱ्या वर्षीचा हा कार्यक्रम. कॅमेऱ्यातल्या क्लिपा लावतीन अन् मी त्याले आवाज देईन, असं ठरलं होतं. पहिली क्लिप, गाडीवर तीन पोट्टे अन् एक बकरी. मी बकरीचा आवाज काढला. दुसरी, फोनवर बोलनारा. तिसरी, ही.

अन् साहेब म्हणाले, पुन्हा एकदा.

क्लिपवाल्या पोट्ट्यानं क्लिप मागं घेतली. या वेळी हळू चालवली. गाडी चौकात आली. मागच्या बाईचा हात खाली लटकून राह्यला होता, हालत होता, कपड्यासारखा. डोकं एका बाजूले गेलं. चालवनाऱ्यानं एक हात सोडला, मागं नेला, अन् तिचं डोकं आपल्या पाठीवर सरकवलं. हेल्मेट फिरलं.

अनमोल.

दोरी निळी होती. जाळ्याची. छातीवर बांधलेली गाठ मी लहानपनापासून पाहून राह्यलो, पान्यात सुटत नाई अशी गाठ. हिरवं पातळ दिवाळीचं.

माह्या मायच्या तेरवीले चार महिने झाले होते.

ज्या दिवशी माय बेसूद होऊन पडली त्या दिवशी मी भद्रावतीले होतो. कॉलनीत कोनाच्या तरी पोराचा वाढदिवस होता. मी कोंबडीचा आवाज काढून राह्यलो होतो अन् फोन बंद करून ठेवला होता. मधात वाजू नोको म्हनून. मले एवढंच मालूम होतं का बाबानं मायले गाडीवर गडचिरोलीच्या दवाखान्यात नेलं, तिथी ती संध्याकाळपर्यंत होती, अन् मंग नव्हती. मी पोचलो तं बाबा बाकावर बसले होते. कसं नेलं, काय नेलं, मी इचारलं नाई. त्यायनं सांगतलं नाई.

ते मले आता साऱ्यायच्या समोर दिसून राह्यलं होतं. पडद्यावर. माह्याच जोकवर लोक हासून राह्यले होते.

मी माईकमध्ये म्हटलं, "साहेब, ते माही माय हाय."

सभागृह अजून जोरात हासलं.

त्यायले वाटलं हाही आयटम हाय. काऊन का माहा श्वास भरला होता, मी मधात थांबलो होतो, अर्धा शब्द गिळला होता. मी काही नक्कल केली नव्हती. तो माहाच आवाज होता. माहा अन् माह्या बापाचा आवाज एकच निंगाला. इतके वर्षं मी ज्या मानसाले हासवाले वापरत होतो, तो माह्या गळ्यातच बसला होता.

मी माईक खाली ठेवला. पडद्यासमोर जाऊन उभा राह्यलो. उजेड डोळ्यात आला. चित्र माह्या सदऱ्यावर पडलं.

"बाजूला हो," साहेब म्हणाले, "दिसत नाहीये."

"म्हनूनच उभा हाव जी."

मंग हासनं थांबलं. दोघायनं मले दंडाले धरून बाहेर नेलं. साहेबही आले. वाईट नव्हते बोलले, तेच तं वाईट. पाठीवर हात ठेवला माह्या.

"हे बघ, झालं ते वाईट झालं. पण चेहरा दिसत नाही ना तिचा? मग त्रास काय आहे? नियम सगळ्यांना सारखा. कॅमेरा माणूस बघत नाही."

"नाई पाहत साहेब. ते पाह्यलं आता मी."

"ही क्लिप चांगली आहे, मुलांना लगेच कळतं. आपण सगळ्या शाळांमध्ये दाखवणार आहोत. तू शांत हो. आवाज दुसऱ्याचा घेऊ."

आवाज दुसऱ्याचा घेऊ.

घरी आलो तं बाबा पाळीवर जाळं शिवत बसले होते. मी बाजूले बसलो. मंग इचारलं, "बाबा, मायले हेल्मेट काऊन घातलं होतं?"

बाबाचा हात थांबला.

"आता कसं हाय," बाबा म्हनले. थांबले. "तिचं डोकं लटकून राह्यलं होतं. रस्ता असा. आपटन म्हटलं कुठी. तुहं टोप होतं खुंटीले. म्हटलं पोराचं हाय, मजबूत असन."

"चालान आलं होतं तुमाले?"

"मले वाचता येते काय बे. चौकातून पुढं गेलो तं खिशात टिंग वाजलं. मले वाटलं तुहा फोन असन. तिले म्हटलं, पोराचा फोन आला वं. गाडी नाई थांबवली. तिनं ऐकलं का नाई, काय माहीत."

मी त्यायचा मोबाईल घेतला. मेसेज तसाच होता, न उघडलेला. उघडला तं फोटो. तोच. खाली लिहून, चालकाने हेल्मेट घातलेले नाही.

मी तिथीच मान खाली घालून बसलो. बाबानं इचारलं नाई कुठी पाह्यलं म्हनून. माह्याकडं पाहून त्यायले समजलं असन. फक्त म्हनले, "लोक हासले काय?"

मले खोटं बोलता आलं असतं. कोनत्याही आवाजात.

"हो बाबा. मीच हासवलं."

बाबानं सुई उचलली अन् परत शिवाले लागले. शिवलेलं उसवून पुन्हा शिवत होते.

त्या हप्त्यात नीराबाईनं बायामानसं जमवली. म्हने, अर्ज लिहू लिहू हात दुखले. आता बाजाराच्या दिवशी साऱ्यायनं चौकाच्या आधी गाडीवरून उतराचं. गाडी हातानं ढकलत न्याची. "चालनाऱ्या मानसाचं चालान कसं फाडते, पाहू."

आमी तसंच केलं. साठसत्तर गाड्या असतीन, कोनी मोजल्या नाई. इंजिन बंद. टोपल्या, पोट्टे, भाजीचे पोते गाडीवर, मानसं खाली. कोनी घोषना दिली नाई. फक्त चपलायचा आवाज अन् चाकाचा. मागं ट्रकायची रांग लागली. हॉर्नवर हॉर्न. पोलीस आला.

"काय लावलं हे?"

"चालून राह्यलो जी," नीराबाई म्हने. "चालनंही बंद केलं काय?"

लोक हासले. मागून एक मित्र वरडला, "अबे, साहेबाचा आवाज काढ ना. मजा येईन."

साहेबाचा आवाज मले हुबेहूब येते. घशापर्यंत आलाही होता. मी गिळला. माह्या बाजूले बाबा आपली गाडी ढकलत होते, छाती भरली होती, तरी दुसऱ्याले हात लावू देत नव्हते. सीट मोकळी होती. सीटवर निळ्या दोरीनं ते हेल्मेट बांधलं होतं. तीच गाठ.

खांबाखाली आलो तं बाबा थांबले. मान वर केली. त्या पांढऱ्या डब्याकडं सरळ पाह्यलं. त्यायनं चेहरा पुसट कराच्या आधी, पूर्न चेहरा. मीही पाह्यलं. मंग गाडी ढकलली.

चालान आमी भरनार नाई. बाबा म्हनते, "गुन्हा केला असता तं भरलं असतं." मी अर्ज दिला हाय, क्लिप काढा म्हनून. त्याच्यात बापाचं नाव लिहलं, मायचं नाव लिहलं, गाव लिहलं. काही पुसट ठेवलं नाई. उत्तर आलं नाई. मागच्या हप्त्यात एका शाळेत क्लिप दाखवली म्हनून समजलं. आवाज दुसऱ्याचा होता. पोरं लय हासले म्हनते.

मी शाळायची यादी काढली हाय. जिथी जिथी दाखवतीन, तिथी मी जाईन. मागं उभा राहीन. लोक हासतीन तेवढं हासू देईन. मंग बोलीन, माह्या बापासारखा, मधात थांबत थांबत. आता कसं हाय. मागं बांधलेली बाई माही माय हाय. हेल्मेट तिले माह्या बापानं घातलं. तिचं डोकं आपटू नोको म्हनून.

मंग ज्याले हासाचं असन त्यानं माह्या तोंडाकडं पाहून हासावं.