नर्मदाबाईची टरफलं

सारंगखेड्याला समुद्र नव्हता, पण बंदर होतं. बंदर म्हणजे काय, तर तापीच्या काठावर रोवलेले चार खुंट, चिखलातून उतरणारी गाडीवाट आणि दोधू भोईच्या मालाच्या दोन नावा. म्हसावदकडचा कापूस आणि मिरची इथून पल्याड जायची आणि पुढे गाडीने दोंडाईच्याच्या स्टेशनावर. येताना मीठ, गूळ, रॉकेलचे डबे यायचे. एकोणीसशे सव्वीस-सत्तावीस सालची ही गोष्ट.

या बंदरावर सगळ्यात जास्त नावा कुणी बघितल्या असतील, तर दोधूची बायको नर्मदाबाईने. खुंटांशेजारीच तिची फुटाण्याची भट्टी. हात कढईत, डोळे नदीत. नाव किती बुडाली यावरून आत मिरची आहे की मीठ, हे ती बसल्या जागेवरून सांगायची. कुठला भोई बांबू नीट टेकवत नाही हेही तिला दिसायचं, आणि ते पोटात ठेवणं तिच्या स्वभावात नव्हतं. भोई तिला पाठीमागे 'काठावरची मामलेदारीण' म्हणत. गंमत अशी, की लग्नानंतरच्या अठरा वर्षांत ही बाई एकदाही नावेत बसली नव्हती. पाय जमिनीवरून सुटला की तिला गरगरायचं.

त्या वर्षीच्या पुरानंतर नावा रुतायला लागल्या. पल्याडच्या एकट्या बाभळीवर नजर ठेवून सरळ नाव न्यायची, ही दोधूच्या आजोबापासूनची रीत. एका महिन्यात दोनदा नाव मधोमध रेतीत बसली आणि कापसाचे गठ्ठे भिजले. म्हसावदचे व्यापारी हिंमतराव गरम डोक्याचे नव्हते, पण त्यांनी सांगून टाकलं.

"दोधू, आखो एक डाव नाव बसनी, ते मन्ह्या गाड्या परकाशाले जातीन."

हिंमतरावांच्या गाड्या परकाशाच्या बंदराकडे वळल्या की या बंदरावर उरणार काय? खुंट. दहा भोयांच्या चुली त्या कापसावर पेटत होत्या. दोधूला जेवण जाईना.

नर्मदाबाई मात्र टरफलं बघत होती. भट्टीवरची चण्याची टरफलं ती रोज नदीत टाकायची. "नदी काय तुन्हा उकिरडा शे?" म्हणून दोधू रोज ओरडायचा, आणि ती रोज टाकायची. पूर्वी ती टरफलं सरळ बाभळीकडे वाहत जायची. यंदा ती अल्याडच्या काठाने जात, काळ्या खडकाला घासून वळत आणि मग कुठे पल्याड लागत.

"आयकी ल्या ना," ती म्हणाली. "बाभूयकडे आते रेती शे. पानी खडकना जोडे शे."

"खडकजोडे नाव कोन लई जास?" दोधू वैतागला. त्या खडकालगत नाव न्यायला सगळे भोई भीत. "काठवर बशीसन नाव चालत नही. इतलं समजस ते तूच बस नावमा."

हे तो हिंमतरावांसमोर बोलला. बारा गाड्या उतरवून झाल्या होत्या. हिंमतरावांनी फुटाण्यांची मूठ तोंडात टाकली. ही बाई नुसती नाव बघून माल ओळखते, हे त्यांनी कितीदा अनुभवलं होतं.

"कापूस मन्हा शे," ते म्हणाले. "बसू दे तिले."

आता माघार कुठे? नर्मदाबाईने टरफलांची टोपली काखेला मारली आणि नावेत पाय ठेवला. ती पुढे जाऊन बसली, एका हाताने फळी घट्ट धरली आणि दुसऱ्या हाताने मूठभर टरफलं पाण्यावर टाकली.

"तेसना मांगे," ती म्हणाली.

टरफलं काठाने निघाली, नाव मागोमाग. तिने पाण्याकडे बघितलंच नाही, फक्त टरफलांकडे बघितलं, आणि म्हणून गरगरणं थोडं कमी झालं. काळा खडक हातभर अंतरावर आला. दोधूने डोळे बारीक करून बांबू खाली सोडला. तळ लागला नाही. त्याने भोयांकडे बघितलं आणि पुन्हा सोडला. पुन्हा नाहीच. टरफलं वळली, नाव वळली, आणि कापसाचा एक गठ्ठाही न भिजता पल्याडच्या काठाला टेकली.

नर्मदाबाईने उतरून मागे बघितलं. आपली भट्टी एवढीशी आहे, हे तिला पहिल्यांदाच कळलं. धूर निघत होता आणि हिंमतराव तिच्या जागेवर बसून फुटाणे खात नदी बघत होते. पुढची खेपही इथूनच, हे त्यांनी हात करूनच सांगितलं. तिला रडू आलं, आणि ते तिने कुणापासून लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीने ती टोपली उचलून पाण्याशी गेली, तर दोधूने टोपलीचा काठ धरला.

"आजपाईन एक बी टरफल वाया घालाडू नको," तो म्हणाला. मग जरा खाली बघत म्हणाला, "नाव भराई गयी. तुन्हीच वाट देखी ऱ्हायनू."

तिने टोपली त्याच्या हातात दिली नाही. काखेलाच ठेवली आणि नावेकडे चालू लागली.