मामांचं उरलेलं कापड

आमच्या घरात आजवर कुणी दुकानातून कापड आणलेलं नाही. भवानी पेठेत माझ्या मामांचा गणवेश शिवायचा कारखाना आहे, आणि ऑर्डर पुरी झाली की उरलेल्या ताग्यात आमचं अख्खं घर बसतं. (दिवाळीला आम्ही सगळे एका रंगात असतो. पाहुण्यांना वाटतं, कवायत आहे.)

त्यामुळे एका खाजगी हॉस्पिटलातून हिशेबनिसाच्या जागेसाठी मुलाखतीचं बोलावणं आलं, तेव्हा मामांनी लगेच टेप काढली. ही नोकरी मला हवीच होती. अकलूजच्या मुलीला मी पसंत होतो; तिच्या वडिलांना माझी नोकरी पसंत पडायची होती, आणि नोकरीचाच पत्ता नव्हता.

"मामा, कुणाच्या ऑर्डरचं कापड आहे हे?"

"तुला काय करायचंय? रंग बघ की. लई भारी, सायेब वाटतोस."

हॉस्पिटलात पोचलो, तर फाटकापासून लिफ्टपर्यंत माझ्यासारखेच सायेब उभे. फक्त कुणाच्या हातात स्ट्रेचर होतं, कुणाच्या हातात बादली. कापड कुणाचं, ते मला तिथं कळलं.

"नवीन हाय का रं तू? खुर्च्या कोण लावणार?" त्यांचा मुकादम माझ्यावर खेकसला.

"अहो, मी मुलाखतीला..."

"व्हय, मुलाखतीच्याच खुर्च्या. उचल."

मी उचलल्या. (कुणी ठामपणे सांगितलं की ते मला माझंच काम वाटतं. स्वभाव!) मग उमेदवारांना पाणी दिलं, एकाचा टाय नीट करून दिला आणि चहाचा ट्रे घेऊन आत गेलो. मोठ्या साहेबांनी कप उचलला आणि म्हणाले, "पुढचा उमेदवार बोलाव. अविनाश देशमाने."

मी बाहेर येऊन खणखणीत आवाज दिला, "अविनाश देशमानेऽ!" कुणी उठेना. पुन्हा ओरडलो. जिन्यातही डोकावलो. आत जाऊन सांगितलं, "आला नाही साहेब."

"बरं. नाव खोडतो."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. "खोडू नका साहेब, तो मीच आहे."

साहेबांनी ट्रेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मग जिन्यात कुणाला शोधत होतात?"

मी मामांपासून मुकादमापर्यंत सगळं सांगून टाकलं. साहेब पोट धरून हसले. "पगार एकाचा आणि कामं चौघांची करणारा माणूस आम्हाला परवडतो," म्हणाले. "सोमवारी या."

अकलूजकर खूश झाले, सुपारी फुटली. लग्नाचा सूट अर्थातच मामांनी शिवला.

"मामा, हॉस्पिटलचं कापड नाही ना?"

"न्हाय रं बाबा, शप्पथ."

मामा खोटं बोलले नव्हते. मंडपात सगळे वाढपी माझ्याच सुटात होते. अक्षता पडल्या, पंगत बसली, आणि सासऱ्यांचे थोरले भाऊ पानावरून मला म्हणाले, "पोरा, मठ्ठा आण की."

मी मुंडावळ्या कानामागे सारल्या आणि विचारलं, "काका, अर्धा ग्लास का पूर्ण?"