चक्रवाक आणि टॉवेल-टोपी

परवाच्या रविवारी मी पक्षी बघायला गेलो होतो... म्हणजे बायको गेली होती, मी ड्रायव्हर होतो. आम्ही मोताळ्याचे, सरोवर लोणारला. एवढ्या प्रवासात लोक सोयरीक जुळवून परत येतात.

सुषमाला चक्रवाकाची जोडी बघायची होती. हे नारिंगी बदक थंडीत येतं आणि ऊन तापायच्या आत हिमालयापलीकडे परत जातं. मागे एकदा पुतणीच्या हळदीने हुकलं, एकदा माझ्या पाठीने. यंदा तर पळस झडायलाही लागला होता. "आज नाही दिसले तर गेलेच," असं म्हणून तिने माझ्याकडे पाहिलं... जणू बदकांचं तिकीट मीच काढलंय.

वाटेत बीबी गाव टाळलं. तिथे तिचं माहेर. तिथे जेवल्याशिवाय सुटका नाही, आणि पक्षी काही आपली पंगत उठेपर्यंत थांबत नसतात.

पाण्याकाठी झुडपाआड बसलो. बोलायचं नाही, हलायचं नाही, मत मांडायचं नाही... लग्नाला इतकी वर्षं झाली, यातलं मला काहीच नवीन नव्हतं. समोर शेकाट्या होत्या, टिबुकल्या होत्या, चक्रवाक नव्हते. ऊन चढलं. सुषमाने दुर्बीण खाली ठेवली तेव्हा तिचे डोळे भरल्यासारखे वाटले. मी विनोद केला नाही... असं क्वचित होतं.

तेवढ्यात वरून हाक आली. "जवाईबापूऽऽऽ!"

लोणारचं सरोवर म्हणजे डोंगराएवढ्या काठांची परात. हाक चारी बाजूंनी फिरून परत आली.

माझा मेहुणा गजानन पायवाटेने घसरत येत होता. एका हातात डबा, दुसऱ्या हातात पिशवी. सुषमाने सकाळी सरोवराचा फोटो स्टेटसला टाकला होता, तो त्याने पाहिला. जावई गावावरून गेला आणि घरी आला नाही... म्हणजे जावई रुसला! आमच्याकडे याचा दुसरा अर्थच होत नाही.

"काही चुकलं असन तं माफ करा बाप्पा!" त्याने पिशवीतून टॉवेल-टोपी काढली. "माह्या पोरीच्या लग्नात तुमच्या मामाले टोपी राह्यली, त्याचाच राग हाये न?"

"दादा, हळू बोल नं! पाखरं उडतील!" सुषमा दातओठ खात म्हणाली.

"पाखरं उडू दे बाई. जवाई नाही उडाला पाह्यजे!"

पाखरं उडालीच. अख्खा काठ फडफडत उठला... आणि जिथे आमची दुर्बीण पोचतच नव्हती त्या बाभळींमागून दोन नारिंगी पक्षी वर आले. पंखांवर पांढरेशुभ्र पट्टे. ओरडत, थेट आमच्या डोक्यावरून गेले.

सुषमाने भावाचा हात घट्ट धरला. "दादा, दिसले रे!"

"कोण? मामा?"

हात भावाच्या हातात, त्यामुळे चक्रवाकांचा फोटो राहिला तो राहिलाच. दिवसभराचा एकच फोटो आहे... झुडपाआड टोपी घातलेला, गळ्यात टॉवेल असलेला मी. तो सध्या तिच्या स्टेटसला आहे.

मी रुसलो नव्हतो, हे गजाननला अजून सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. पुढच्या थंडीतही आम्ही बीबी टाळणार आहोत... पक्षी उठवावेत तर त्यानेच.