स्टेअरिंगला बांधलेली चिंधी

खंडेनवमीच्या दिवशी दुपारी साडेबाराच्या सुमारास आमच्या दैनिकाची अँबॅसेडर बेळगावच्या कार्यालयाच्या फाटकातून बाहेर पडली, उतारावर थांबली नाही आणि रस्त्यापलीकडच्या घराच्या दगडी कोपऱ्यावर आदळली. चालक बाबूच्या उजव्या गुडघ्याची वाटी फुटली. मागच्या सीटवर मी होतो. मला खरचटलेही नाही. ही गोष्ट ऐंशी सालाच्या आसपासची आहे.

त्या गाडीची देखभाल आप्पा करत. त्यांचे नाव इथे देत नाही. कार्यालयात ते कोणी घेतही नसे. ते मूळचे छपाईयंत्रावरचे. अनगोळहून सायकलने येत. यंत्र कळते म्हणजे गाडीही कळेल, असे व्यवस्थापकांनी परस्पर ठरवले आणि गाडी त्यांच्या गळ्यात पडली. आप्पांनी जुन्या गाड्यांच्या माणसांकडे बसून ती विद्या शिकून घेतली. साधी देखभाल गॅरेजला न जाता करायची, पण घाईने करायची नाही, हा त्यांचा नियम. आमचा धंदाच घाईचा. त्यामुळे आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी त्यांच्यावर चिडलेला असे.

त्यांच्याजवळ जुन्या लाल लुगड्याची हातभर चिंधी होती, ऑइलने काळी पडलेली. गाडीचे काही उघडले की ते आधी ती चिंधी स्टेअरिंगला दोन गाठी मारून बांधत. काम पुरे झाले की स्वतःच्या हाताने सोडत. चिंधी आहे तोवर किल्ली लावायची नाही. तोंडाने ते कोणाला काही सांगत नसत.

"आप्पा, नुसतं सांगितलं तरी चालेल की," मी एकदा म्हणालो.

"सांगितलेलं माणूस इसरतंय," ते म्हणाले. "बांधलेलं दिसतंय."

एकदा मला खानापूरला कोर्टाचा निकाल घ्यायला जायचे होते. मी खांद्याला पिशवी लावून उभा. बाबू निपाणीची फेरी करून नुकताच आला होता. आप्पांनी बॉनेट उघडले, रेडिएटरच्या झाकणाजवळ तळहात धरला आणि ते पायरीवर जाऊन बसले.

"काय झालं?"

"पाणी बघायचं हाय. गरम हाय."

"मग वरून ओता आणि सोडा ना."

"झाकण आता उघडलं तर तोंड भाजतंय. तुमचं न्हाय, माजं."

मी घड्याळ पाहत राहिलो. व्यवस्थापक खिडकीतून ओरडले, "आप्पा, गाडी चालवायला घेतलीया का पुजायला?"

"बाळंतपण हाय सायेब. घाई करून हुतंय व्हय?"

सगळे हसले. मी हसलो नाही. खानापूरला पोहोचलो तेव्हा निकाल लागून वकील घरी गेले होते. ती बातमी दुसऱ्या दैनिकात आधी आली.

तुम्हीही असा माणूस पाहिला असेल. तो चुकत नाही, म्हणूनच त्याच्यावर राग काढता येत नाही आणि राग वाढत जातो. इंजिन ऑइलची पातळी पाहायची तर गाडी सपाट जागेवर हवी आणि इंजिन बंद करून दहा मिनिटे झालेली हवीत. बॅटरीला हात लावायच्या आधी घड्याळ, कडे, अंगठी काढायची. एकदा बाबू नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली शिरला. आप्पांनी त्याला दोन्ही पाय धरून बाहेर ओढले.

"आप्पा, दोन मिनिटांचं काम हुतं!"

"मराय तेवढं लागत न्हाय." मग त्यांनी रेल्वेच्या जुन्या स्लीपरचे दोन ओंडके आणून गाडीखाली सरकवले. "जॅक उचलाय असतोय. धराय ओंडकं."

बाबू कपडे झटकत मला म्हणाला, "ह्या म्हाताऱ्याची चिंधी माझं लगीन लागल्याबिगर सुटत न्हाय बगा."

त्या वर्षी अष्टमीच्या दुपारी आप्पांनी मागच्या चाकाचा ब्रेक उघडला. आतले रबर फुगलेले निघाले. त्यांनी ब्रेकचे तेल काढून टाकले आणि नवे रबर आणायला ते स्वतः सायकलने बाजारात गेले. दुकान सणासाठी लवकर बंद झालेले होते. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी आमच्या भागात हत्यारांची पूजा होते. पाने, हातोडे, स्क्रू-ड्रायव्हर धुऊन पाटावर मांडतात, हळदकुंकू वाहतात आणि दसरा होईपर्यंत त्यांना हात लावत नाहीत. आप्पा हे काटेकोर पाळत. म्हणजे काम दोन दिवस लांबले.

पण पूजेला गाडीही हवी, आणि ती ओंडक्यांवर टांगलेली चालत नाही. चाकांखाली लिंबे ठेवायची असतात. म्हणून आप्पांनी संध्याकाळी चाक पुन्हा बसवले, गाडी खाली घेतली, धुतली, पुसली. स्टेअरिंगला चिंधी बांधली. दोन गाठी मारल्या. मी हे पाहिले आहे.

सकाळी त्यांनी आपली हत्यारे पाटावर मांडली, नमस्कार केला आणि ते घरच्या पूजेसाठी अनगोळला गेले. कार्यालयात पूजेची तयारी सुरू झाली. यंत्राला हार, टंकलेखन यंत्रांना हार. गाडीचा हार माझ्या हातात आला. स्टेअरिंगवर ती तेलकट चिंधी होती.

"ही काय घाण ठेवलीया पूजेच्या गाडीला?" व्यवस्थापक म्हणाले.

मी गाठी सोडल्या, चिंधी घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली आणि तिच्या जागी झेंडूचा हार बांधला. आरती झाली की पुन्हा बांधायची, असे ठरवले होते.

आरती संपत असताना निपाणीच्या वार्ताहराचा फोन आला. तंबाखूच्या एका वखारीला आग लागली होती. मी पिशवी उचलली. बाबूने गाडीत डोकावून स्टेअरिंग पाहिले.

"चिंधी न्हाय म्हंजे झालं काम," तो म्हणाला. "चला, लिंबं चिरडूनच निघू."

लिंबे चिरडली. फाटकाबाहेर उतार आहे. बाबूने ब्रेकवर पाय ठेवला आणि पाय थेट तळाला गेला. त्याने हातब्रेक ओढला. तोवर कोपरा समोर आला होता. चिंधी माझ्या खिशात आहे हे मला त्या क्षणी आठवले.

दसऱ्यानंतर व्यवस्थापकांनी आप्पांना बोलावले. मी खोलीतच होतो.

"ब्रेकचं तेल काढलं होतं?"

"व्हय."

"मग चिंधी का बांधली नाही?"

"बांधलती."

"कुठाय मग? पूजेला गाडीवर फक्त हार होता." चिंधीला आपणच घाण म्हटले होते, हे व्यवस्थापकांना आठवत नव्हते. किंवा आठवत होते. याची खात्री मला करता आली नाही.

आप्पांनी खोलीत सगळ्यांकडे पाहिले. माझ्याकडेही पाहिले. मी बोललो नाही. मग ते म्हणाले, "न्हाई आसंल बांधली. वय झालं."

गाडी त्यांच्याकडून काढून घेतली. ती गॅरेजला जाऊ लागली. अपघातानंतरच्या अंकात त्याची चार ओळींची बातमी आली होती: ब्रेक नादुरुस्त असल्याने. त्या ओळी मी लिहिल्या होत्या. आप्पा छपाईयंत्रावर राहिले. पण यंत्र सुरू करण्याआधी ते एकच नट तीनतीनदा तपासू लागले. अंक उशिरा निघू लागले आणि पुन्हा ओरड होऊ लागली. बाबू बरा झाला, पण लंगडत राहिला. आप्पांना समोर पाहिले की तो वाट बदलत असे. वर्षभराने आप्पांनी काम सोडले.

पाच-सहा वर्षांनी मी जुनी फियाट घेतली. ती दर महिन्याला कुठे ना कुठे बंद पडे. एका रविवारी ती घेऊन मी अनगोळला गेलो. आप्पा अंगणात बसले होते. मी काही बोलण्याआधी ते उठले, सपाट जागा दाखवली आणि मागच्या चाकाला दगड लावायला सांगितले. मग कित्येक रविवार मी त्यांच्याकडून शिकलो. ते स्वतः हात लावत नसत. मी जॅक लावला की "ओंडकं?" एवढेच विचारत. पाना उलटा फिरवला की "हं" म्हणत आणि मी आपणहून पुन्हा सुरुवात करीपर्यंत बोलत नसत. एक प्लग साफ करून बसवायला मला पाऊण तास लागला. मी पाना आपटला. त्यांनी तो उचलून, पुसून परत माझ्या हातात दिला.

एका रविवारी पुढच्या चाकाचा ब्रेक उघडला. रबर फुगलेले निघाले. मी पिशवीतून ती चिंधी काढली. इतकी वर्षे ती माझ्या टेबलाच्या खणात होती.

"आप्पा, ही मी सोडली होती."

त्यांनी ती हातात घेतली, बोटांनी उलगडली.

"म्हायती हाय," ते म्हणाले. "तवा सायबांच्या खोलीत तुमच्या खिशाला ऑइलचा डाग हुता, धुऊनबी न गेलेला. पांढरा शर्ट हुता."

"मग बोलला का नाही?"

"तुम्ही सांगशिला म्हून थांबलो."

आतून त्यांच्या सुनेने "मामा, च्या" अशी हाक मारली. आप्पा उठले, फियाटचे दार उघडून त्यांनी चिंधी स्टेअरिंगला बांधली. पहिली गाठ मारली, दुसरी मारली, ओढून पाहिली. तसले रबर बेळगावात मिळत नव्हते. ते कोल्हापूरहून मागवायचे आणि पुढच्या रविवारी चाक बसवायचे, असे ठरले. गाडी त्यांच्या अंगणातच ठेवून मी बसने घरी आलो.

रबर गुरुवारी आले. शुक्रवारी सकाळी त्यांच्या मुलाचा निरोप आला. मी पोहोचलो तेव्हा सगळे उरकले होते.

बाराव्यानंतर गॅरेजची माणसे आली. त्यांनी पुढचे चाक बसवले आणि फियाट टोचन करून नेली. स्टेअरिंगला चिंधी होती.